सोब्रारची दहा वाक्यं

मुग्धाच्या वर्गात मांजर टेबलावर बसत नसे. "मांजर टेबलावर बसलं आहे, आज हवा छान आहे, असली मेलेली वाक्यं माझ्यापुढे आणायची नाहीत," हे ती पहिल्याच तासाला बजावायची. प्रत्येकाने बिस्किटाच्या डब्यातून एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर एक स्पॅनिश क्रियापद. ते किती तऱ्हांनी वापरतात ते शोधायचं आणि शेवटच्या दिवशी उभं राहून दहा वाक्यं म्हणायची. वाक्यं खरी पाहिजेत, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली नाहीतर स्वतःच्या कानांनी ऐकलेली. प्रत्येक वाक्यानंतर सगळ्या वर्गाने एका सुरात विचारायचं, "एस बेर्दाद?" म्हणजे खरं आहे का? आणि बोलणाऱ्याने म्हणायचं, "एस बेर्दाद." खरं आहे.

पद्धत झकास होती. त्याबद्दल मुग्धाला नावं ठेवायला जागा नाही. वाईट होती ती तिची जीभ.

सौम्याच्या वाट्याला चिठ्ठी आली ती 'सोब्रार'ची. उरणं, जास्त होणं, नको असणं. भात उरला तरी सोब्रार, हातात वेळ शिल्लक राहिला तरी सोब्रार, आणि एखाद्या माणसाला तोंडावर सांगायचं असेल की बाई, तुझी इथे गरज नाही, तरीही सोब्रारच. 'आकी सोब्रास.' तू इथे जास्तीची आहेस. मुग्धाने फळ्यावर ते लिहिलं तेव्हा वर्गातला तनय फिसकन हसला होता. बॅचमध्ये नऊ जण होते आणि खुर्च्या आठ.

स्पेनमधल्या एका फ्रिज-वॉशिंग मशीनवाल्या कंपनीचे फोन घ्यायचं हे काम. तिकडच्या बाईचा फ्रिज बंद पडला की ती तिकडून ओरडणार आणि इकडे बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत बसलेल्या पोरापोरींनी तिला गोड स्पॅनिशमध्ये शांत करायचं. तीन महिन्यांचं ट्रेनिंग, मग मुग्धा यादी देणार, त्यातले आठ जण कायम, नववा घरी. सौम्याला घरी जाणं परवडणारं नव्हतं. आनेकलच्या कपड्याच्या कारखान्यात सहा वर्षं तिने चेकिंग टेबलाशी उभं राहून शर्टांचे लोंबणारे धागे कापले होते. बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरात मामाचं शिलाईचं दुकान होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर स्पॅनिशचा क्लास चालायचा. दोन वर्षं कारखाना सुटला की बस पकडून ती तिथे जायची. लोक म्हणायचे, हिला खूळ लागलंय. आता नापास होऊन परत गेली असती तर त्याच टेबलाशी, त्याच सुपरवायझरपुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं असतं. तिथल्या बायका काही बोलल्या नसत्या. नुसती कात्री पुढे केली असती.

मुग्धा पुण्याची. तनयही पुण्याचा. पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांच्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं आणि माहेर भेटल्यासारखं मराठीत सुरू झाले. सौम्याच्या ओळखपत्रावर होतं 'सौम्या व्ही.' व्ही म्हणजे विठोजी, तिचे वडील. बेंगळुरूतल्या शाळेत मास्तर आडनाव विचारत नाहीत, बापाच्या नावाचं अक्षर लावून मोकळे होतात. पुण्याच्या माणसाला हे कुठून कळणार! आडनाव नाही, म्हणजे इथलीच. वॉचमनशी कन्नडमध्ये बोलते, म्हणजे कन्नडच. आता हिच्या घरी गेली साडेतीनशे वर्षं मराठी बोलतायत, हे काय ओळखपत्रावर छापतात?

सौम्याला इतका आनंद झाला होता ते मराठी ऐकून! ती पुढे झाली, "अक्का, मीसुद्धा..." असं ओठांवर आलंसुद्धा. तेवढ्यात मुग्धा तनयला म्हणाली, "ही बघ, आनेकलहून आलीय म्हणे. कोथिंबीर विकायला निघाली असेल, चुकून इकडे वळली."

तनय हसला. सौम्याने तोंड मिटलं.

त्या क्षणी बोलली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण पहिल्या दिवशी गप्प बसली, म्हणून दुसऱ्या दिवशी बोलायची लाज वाटली, आणि तिसऱ्या दिवसापासून तिला ऐकायची चटक लागली. हो, चटकच. शिव्या ऐकायचीही चटक लागते माणसाला. त्या दोघांत तिचं नावच पडलं, कोथिंबीर. "कोथिंबिरीने आज डोक्याला पावशेर तेल थापलंय." "कोथिंबिरीचं स्पॅनिश ऐकून फ्रिज आपला आपणच बंद पडेल." तनय सुरुवात करायचा, मुग्धा त्यावर कडी करायची, आणि सौम्या मख्ख चेहऱ्याने वहीत बघत बसायची. डोक्यात तिडीक जायची. पण वाक्य न् वाक्य ती तारखेसकट वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवायची.

एक मात्र खरं, मुग्धाने तिचे मार्क कधी कापले नाहीत. तिच्या वह्या तपासायची तेव्हा ओळीन् ओळ तपासायची, एकदा तर तिच्यासाठी तासभर थांबून फोनवर बोलायचं कसं ते करून घेतलं. "मला आवडतं, मला पुरतं, मला उरतं, असं बोलायला हिला शिकवावं लागत नाही. बाकीचे इंग्रजीतून विचार करतात आणि आपटतात, हिला आपसूक येतं. कमाल आहे," असं तिनेच एकदा तनयला सांगितलं होतं. सौम्याने तेही ऐकलं. पण ते काही तिने वहीत लिहिलं नाही.

आणि पँट्रीतले फोन. मुग्धा दुपारी चहा घेऊन खिडकीपाशी उभी राहायची आणि पुण्याला आईला फोन लावायची. आजूबाजूला नुसती बेंगळुरूची माणसं, मग आवाज कशाला खाली करायचा? सौम्या दोन हातांवर डबा खात बसलेली असायची. अशी तीन महिने ऐकून ऐकून तिला मुग्धाचा संसार तोंडपाठ झाला. नवरा अपूर्व पुण्यात. पाच वर्षांची मुलगी निधी, तीही त्याच्याकडे. गेल्या दिवाळीत सगळे पंगतीला बसलेले असताना अपूर्वने मुग्धाला सांगितलं होतं, तू या घरात नकोयस. वकिलाचं म्हणणं, बाई कंत्राटावर आहे, पोरगी मिळणं अवघड. नोकरी कायम झाली की बघू. ही बॅच चांगली निघाली की गिरीराज, म्हणजे मॅनेजर, मुग्धाला कायम करणार होता.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी मुग्धा रडत होती. "वाढदिवसाला येते म्हटलं गं मी तिला. तर म्हणाली, आई, तू नाही आलीस तरी चालेल, बाबाने केक आणलाय. पाच वर्षांची आहे गं ती, तिला काय कळतंय. मी तिच्यासाठी इथे छोटी खुर्ची आणून ठेवलीय. लाल. रोज पुसते मी ती."

सौम्याने डबा बाजूला ठेवला. उठून तिच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं, आईशप्पथ वाटलं. पण मग कळलं असतं ना! आणि दहाच मिनिटांनी मुग्धा तोंड धुऊन वर्गात आली, आणि तनयने विचारलं, "काय मग, यादीतून आपली कोथिंबीर उडणार ना?" मुग्धा हसली. "गप रे," म्हणाली, "यादी गिरीराजच्या हातात जाईपर्यंत मी तोंड उघडत नाही." सौम्याने त्यातलं हसू तेवढं घेतलं. दुपारचा कळवळा तिथेच वाळून गेला. त्या संध्याकाळी आनेकलच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून तिने दहा वाक्यं मनात जुळवली आणि घरी जाऊन एका बैठकीत लिहून काढली.

"काय एवढं लिहितेस?" आईने, सकवारबाईने, विचारलं.

"परीक्षा आहे."

"सरी, सरी. स्वल्प खाऊन घे आधी," बरं बरं, थोडं खाऊन घे, असं त्यांच्या कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणून आईने ताट पुढे सरकवलं.

शेवटच्या दिवशी समोरच्या भिंतीवर मोठा पडदा लावला होता. स्पेनहून बेगोन्या नावाची बाई बघणार होती. कंपनीची माणूस, पन्नाशीची, डोळ्यांवर लाल चौकटीचा चष्मा. सगळं रेकॉर्ड होणार होतं. गिरीराज दाराशी खुर्ची टाकून बसला. त्याला स्पॅनिश ओ की ठो कळत नसे, पण माना डोलवायला तो हजर असायचा. तनयने त्याचं क्रियापद उरकलं, तीनदा अडखळला. मग सौम्या उठली. केसांना आज दुप्पट तेल लावून आली होती ती, मुद्दाम.

पहिलं वाक्य साधं. आमच्या घरी रोज भात उरतो, सकाळी आई तो ताकात कालवून देते. वर्गाने विचारलं, "एस बेर्दाद?" "एस बेर्दाद," सौम्या म्हणाली. दुसरं, बसमध्ये माझ्याजवळ वेळच वेळ उरतो, मी शब्द पाठ करते. तिसरं, कारखान्यात शर्ट संपले तरी बटणं उरायची, आम्ही ती पोरांना खेळायला न्यायचो. बेगोन्या पडद्यावर खुलली. मुग्धाने तनयकडे बघून भुवई उडवली, बघ, कसं बोलतेय! तिच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. सौम्याला तो दिसला. दिसूनही ती पुढे गेली.

चौथं वाक्य. "माझी शिक्षिका म्हणते, माझ्या डोक्यात तेल जास्त आहे, आणि बाकीचं कमी."

वर्ग हसत हसत "एस बेर्दाद?" म्हणाला. सगळ्यांना वाटलं गंमत आहे. सौम्या म्हणाली, "एस बेर्दाद."

पाचवं. "ती म्हणते, मी बाजारात कोथिंबीर विकायला निघाले होते आणि चुकून इथे आले. या वर्गात नऊ जण आहेत, त्यांतली जास्तीची मी." सहावं. "ती म्हणते, तुमचे फ्रिज बंद पाडायला माझा नुसता आवाज पुरून उरेल." तनयच्या तोंडचा रंग उडाला. मुग्धाच्या हातातलं पेन थांबलं. सौम्याने सातवं वाक्य सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हटलं. "हे सगळं ती माझ्यासमोर मराठीत बोलते, कारण तिला वाटतं बेळगावच्या पुढे मराठी उरत नाही. माझ्या घरी मराठीच बोलतात."

बेगोन्याने चष्मा काढला. गिरीराजला काही कळलं नव्हतं, पण हवा बदललेली कुत्र्यालासुद्धा कळते. तो सरळ बसला. मुग्धा पांढरीफटक. जितकं द्यायचं होतं तितकं देऊन झालं होतं, बरं का. व्याजासकट. सौम्याने तिथे कागद खाली ठेवला असता तर मीसुद्धा तिला शाबासकी दिली असती. पण बोलणाऱ्याच्या तोंडाला एकदा समोरच्याचं रक्त लागलं की दहा म्हणजे दहा.

"आठवं," ती म्हणाली. "पुण्याच्या एका बाईला भरल्या पंगतीत तिच्या नवऱ्याने सांगितलं, एन एस्ता कासा सोब्रास. या घरात तू जास्तीची आहेस."

"एस बेर्दाद?" वर्ग म्हणाला, पण चारपाच जणच. सौम्याने उत्तर दिलं नाही. ती वळून मुग्धाकडे बघत राहिली. नियम मुग्धाचाच होता ना? उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. मुग्धाचे ओठ हलले. "एस बेर्दाद," ती म्हणाली.

"नववं. त्या बाईच्या लेकीलाही ती जास्तीची आहे; लेकीने तिला फोनवर सांगितलं, आई, तू नाही आलीस तरी चालेल, बाबाने केक आणलाय."

आता कुणीच विचारेना. मग मुग्धाच बोलली, कुणी न विचारता, "एस बेर्दाद." गाल ओले होते आणि ते पुसायलाही ती हात वर करत नव्हती.

थांब गं बाई, थांब आता! पण नाही.

"दहावं. त्या बाईच्या बेंगळुरूच्या घरात एक लाल छोटी खुर्ची जास्तीची आहे. ती रोज पुसते."

पडद्यावरून बेगोन्याने हळू आवाजात विचारलं, कदाचित खोटं निघावं अशा आशेने विचारलं, "एस बेर्दाद?"

"एस बेर्दाद," मुग्धा म्हणाली. मग तिने पेन उचललं, पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि उभी राहिली. "दहापैकी दहा," तिने मराठीत सांगितलं, सरळ सौम्याकडे बघून. "चूक एकही नाही." आणि दार लावून घेऊन गेली.

सौम्याला वाटलं होतं, आपल्याला हलकं वाटेल. तीन महिने तिने या घटकेची वाट पाहिली होती. पण ती हातातल्या कागदाची घडी घालत बसली, घडीवर घडी. तनय खालमानेने बूट बघत होता.

तासाभराने गिरीराजने तिला बोलावलं. बेगोन्याचा फोन येऊन गेला होता. शिकणाऱ्यांना असं बोलणारी बाई आम्हाला वर्गावर नको, असं तिचं म्हणणं. मुग्धाचं कंत्राट या महिन्यातच संपत होतं, ते आता पुढे जाणार नव्हतं. "तुझं स्पॅनिश मात्र तिला फार आवडलं," गिरीराज म्हणाला. "सोमवारपासून नवी बॅच आहे. तू घे वर्ग. सहा महिने बघू, मग कायम."

"आणि यादी? मी यादीत आहे का?" सौम्याने विचारलं. तिला अजून तीच धास्ती होती.

"यादी? ती तर काल दुपारीच आलीय." त्याने कागद तिच्याकडे सरकवला. खाली मुग्धाची सही होती आणि कालची तारीख. आठ नावं, आणि सगळ्यात वर सौम्या व्ही. शेजारी मुग्धाच्या अक्षरात दोन ओळी होत्या: 'बॅचमधली सर्वांत चांगली. हिला पुढे शिकवायच्या कामाला घ्यावं.' खाली वेगळं काढलेलं नववं नाव होतं तनयचं.

सौम्याने ते दोनदा वाचलं. काल दुपारी! म्हणजे ती बसमध्ये दात-ओठ खात वाक्यं जुळवत होती, त्याच्याआधीच हे लिहून झालं होतं. मुग्धाच्या जिभेला हाड नव्हतं, पण हात सरळ होता. तो हात तिने तीन महिने आपल्या वहीवर पाहिला होता, आणि बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं. "सर, माझं एक ऐका, त्यांना..." तिने सुरुवात केली. गिरीराजने घड्याळात पाहिलं. "वर्ग नको असेल तर आताच सांग," तो म्हणाला, "दुसरं कुणीतरी बघतो."

आता इथे सौम्याने काय करावं? तुम्ही म्हणाल, नको म्हणावं. म्हणून बघा. तिच्या डोळ्यांपुढे चेकिंग टेबल आलं आणि पुढे केलेली कात्री आली.

"सरी, सर," ती म्हणाली.

मुग्धा पँट्रीत होती, त्याच खिडकीपाशी. फोन हातात होता पण लावलेला नव्हता. सौम्याला बघून तिने चिठ्ठ्यांचा बिस्किटाचा डबा पुढे केला. "हा तुला लागेल."

"अक्का," सौम्या म्हणाली. पहिल्यांदाच मराठीत हाक मारत होती ती, तीन महिन्यांनी. "मला यादीचं माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं."

"माहीत असायचं कारण नव्हतं."

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर..."

"तर तुझ्यासमोर बोलले नसते. पाठीमागे बोलले असते. तशीच आहे मी." मुग्धाने नाक ओढलं. राग होता की नाही ते कळत नव्हतं; आवाज वह्या तपासताना असायचा तसाच होता. "मी बोलले ते वाईटच बोलले. त्याचं मला मिळायला हवं होतं, मिळालं. तू मला सात वाक्यांत संपवलं होतंस. मग निधीला कशाला मध्ये घेतलंस?"

सौम्याने डबा हातात घेतला.

"आता वकील विचारेल, नोकरी कुठाय? मी काय सांगू त्याला?" मुग्धाने पर्स उचलली. "सात पुरत होती, सौम्या. तीन जास्त झाली." आणि ती लिफ्टकडे निघून गेली. डबा सौम्याच्या हातात राहिला.

सोमवारी नवी बॅच आली. अकरा जण आणि खुर्च्या नऊ. सौम्याने मांजराचं तेच सांगितलं, खऱ्या वाक्यांचंही तेच सांगितलं. पोरांनी नियम पटकन उचलला. चिठ्ठ्या काढल्या, आणि पहिल्या बाकावरच्या रम्या नावाच्या मुलीने आपली चिठ्ठी उघडून वाचली, "सोब्रार. मॅम, हे कसं वापरायचं? तुमचं एखादं वाक्य सांगा ना."

सौम्या फळ्याकडे वळली. खडू हातात घेतला. मग तिने लिहिलं, 'मे सोब्रारोन त्रेस.' माझी तीन जास्त झाली.

कसली तीन, ते कुणी विचारलं नाही. त्यांना दुसरंच विचारायला शिकवलं होतं. अकरा जण एका सुरात, हसत हसत ओरडले, "एस बेर्दाद?"

"एस बेर्दाद," सौम्या म्हणाली, आणि त्यांच्याकडे पाठ ठेवून फळा पुसू लागली.